सी फॉर कॅट

स्ट्रॅटेजी गेममधले ग्राफिक्स खेळणाऱ्यासाठी नसतात, ते त्याच्या खुर्चीमागे उभं राहणाऱ्यांसाठी असतात, असं माझं फार जुनं मत आहे. खेळणारा पहिल्या संध्याकाळी नदीवरचं ऊन वगैरे काय ते बघून घेतो. दुसऱ्या दिवसापासून त्याला नदी दिसत नाही, इथे पूल बांधला तर लाकूड किती जाईल एवढंच दिसतं. कॅमेरा जाईल तितका वर नेऊन तो सगळ्या सृष्टिसौंदर्याचा नकाशा करून टाकतो. शिपायाच्या चिलखतावरची नक्षी काढताना कुणा बिचाऱ्याची मान मोडून आली असेल. हा त्या शिपायाला मुंगीएवढा करून मरायला पाठवतो.

भाच्याला हे पटत नाही. त्याने नवीन ग्राफिक्स कार्ड घेतलंय, ज्याची किंमत त्याने वडिलांना दोन हप्त्यांत सांगितली. कार्डाला तीन पंखे आहेत. आमच्या हॉलला दोन आहेत. मी त्याला एज ऑफ एम्पायर्सचा दाखला देतो. २००५ साली तिसरा भाग आला तेव्हा तोफेचा गोळा पडला की शिपाई हवेत उडत, इमारतींचे तुकडे घरंगळत येत. त्यापुढे १९९९चा दुसरा भाग म्हणजे चटईवर मांडलेली भातुकली. पण आजही झुंबड आहे ती दुसऱ्याच भागावर, आणि तिथली माणसं वाद घालतात तो रानडुकराला अंगावर घेऊन टाऊन सेंटरपर्यंत पळवत कसं आणायचं यावर. डुकराच्या केसांबद्दल चकार शब्द नाही.

माझा जीव मात्र ड्वार्फ फोर्ट्रेसवर. अमेरिकेतल्या टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स या भावांनी २००६ साली तो लोकांपुढे ठेवला, तोही फुकट. टार्न स्टॅनफर्डचा गणितातला डॉक्टर, त्यामुळे चित्रं काढायच्या भानगडीत तो पडला नाही. काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं आणि चिन्हं. डोंगर पोखरून किल्ला वसवणारा बुटका म्हणजे एक हसरा चेहरा. मांजर म्हणजे सी. बालवाडीत शिकलेलं इंग्रजी माझ्या कामी आलं ते इथेच. कुत्रा म्हणजे डी. कॅपिटल डी दिसला तर तो मोठा कुत्रा नव्हे, ड्रॅगन. २०१२मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने हा गेम आपल्या संग्रहात घेतला, हे मी भाच्याला मोठ्या तोऱ्यात सांगितलं. ‘म्युझियममध्ये जुन्याच वस्तू ठेवतात, मामा,’ तो म्हणाला.

पण त्या अक्षरांच्या पोटात काय काय आहे! प्रत्येक बुटक्याला दात आहेत, बोटं आहेत, आवडीनिवडी आहेत, जुने राग आहेत. दारू मिळाली नाही तर त्याचं कामात लक्ष लागत नाही. २०१५ साली गेममध्ये दारूचे गुत्ते आले आणि लोकांच्या किल्ल्यांतली मांजरं पटापट मरू लागली. शोध घेतला तेव्हा कळलं, की गुत्त्यात सांडलेली बिअर मांजरांच्या पंजांना लागत होती आणि मांजरं आपल्या स्वभावानुसार पंजे चाटत होती. हिशेबात चूक एवढीच, की चाटलेला थेंब अख्खा पेला म्हणून धरला जात होता. हे सगळं एका सीच्या आत चाललेलं! ही मांजरं वाढतातही अशी, की प्रत्येकीच्या येण्याजाण्याची वाट शोधता शोधता कॉम्प्युटर गुडघे टेकतो. हा गेम भाच्याच्या मशीनवर लावला, तर प्रोसेसर धापा टाकत होता आणि ते तीन पंख्यांचं कार्ड पंगतीत बसलेल्या व्याह्यासारखं स्वस्थ.

अक्षरांचा आणखी एक फायदा होता, तो मी चारचौघांत बोललो नाही. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून सासूबाई आमच्याकडे असतात. बँकेत पूर्वी असायचा तसा काळा पडदा, त्यावर रंगीत अक्षरं आणि कपाळाला आठ्या घातलेला जावई, असं दृश्य बघून त्या लेकीला म्हणायच्या, ‘रविवारचीसुद्धा उसंत नाही गं यांना.’ पाठोपाठ चहा यायचा. कधी लाडू.

६ डिसेंबर २०२२ला हे सुख संपलं. झॅकचं आजारपण झालं, दवाखान्याच्या खर्चाची धास्ती बसली, म्हणून भावांनी गेमची चित्रांची आवृत्ती स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात विकायला काढली. तोवर त्यांचं घर देणग्यांवर चालायचं. पहिल्या चोवीस तासांत दीड लाखावर प्रती खपल्या. इतकी वर्षं फुकट खेळलेले आम्हीही पैसे घेऊन धावलो. किल्ला तोच, गणित तेच, वर फक्त चित्रं चढवलेली. माझ्या खेळात काडीचाही फरक पडायचं कारण नव्हतं.

‘अगंबाई, हे मांजर आहे!’ मागून आवाज आला.

चहा बंद झाला तो झालाच, सासूबाईंनी खुर्ची ओढून घेतली. ‘तो दाढीवाला नुसता का हो बसलाय?’ ‘कोठी एवढी लांब? स्वयंपाक करणाऱ्याने खेपा तरी किती घालायच्या?’ आता कोठार कामाच्या जागेला लागून ठेवावं, हे या गेमचं पहिलं सूत्र. ते उमजेपर्यंत माझे कित्येक किल्ले उपाशी मेले होते. या बाईंनी माऊसला हात न लावता सांगितलं.

मग एकदा गॉब्लिनांचा वेढा पडला. पूल उचलायचा, बाहेर राहील त्याचं नशीब, अशी माझी रीत. अक्षरांच्या काळात मी असे कितीतरी हसरे चेहरे बाहेर ठेवून निवांत झोपलोय. पण सासूबाईंनी माझा दंड धरला. ‘अहो, तो आपला दाढीवाला बाहेर राहिला! थांबा जरा!’ थांबलो. दाढीवाला आला, त्याच्यामागून गॉब्लिनही आले. मग घाईघाईने पुलाची तरफ ओढायचा हुकूम सोडला, तर ज्याने ओढायची तो गुत्त्यात बसलेला. किल्ल्याची राखरांगोळी झाली.

‘हरण्यातच मजा आहे’ असं या गेमचं ब्रीद आहे, हे मी त्यांना समजावून पाहिलं.

‘तुम्हाला असेल मजा,’ सासूबाई उठता उठता म्हणाल्या. ‘त्या दाढीवाल्याच्या बायकोला विचारा.’