सत्काराचा सुका कचरा

कॉलेजात ज्याला कुठलीच समिती नको असते, त्याच्या गळ्यात हरित समिती बांधतात. मी ती मागून घेतली. परीक्षा समितीवाला शिव्या खातो, शिस्त समितीवाल्याच्या गाडीची हवा जाते आणि हरित समितीवाल्याला भाषणाला बोलावतात. साताऱ्यापासून सांगलीपर्यंत कॉलेजांना तोटा नाही. कॉलेजं तपासणाऱ्या नॅकची समिती येणार म्हटलं की प्रत्येकाला पर्यावरणाचा सातवा निकष आठवतो. मग गांडूळखताच्या खड्ड्यावर नवा फलक चढतो, रंगीत बादल्या येतात, आणि ‘कचरामुक्त परिसर’ या विषयावर बोलायला मी येतो. येताना स्टीलची बाटली सगळ्यांना दिसेल अशी धरतो. पाणी संपलेलं असलं तरी मधूनमधून घोट घेतो.

भाषण पाठ आहे. २०१६चे घनकचरा नियम, ओला-सुका-घरगुती घातक असे तीन भाग, २३ मार्च २०१८ची राज्याची प्लास्टिकबंदी, आणि मग कराड. कराड हा माझा हुकमी एक्का. २०२०च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतल्या शहरांत कराड देशात पहिलं आलं. हे साताऱ्यात सांगताना मी ‘आपलं कराड’ म्हणतो आणि सांगलीत ‘आपल्या शेजारचं कराड’. टाळ्या दोन्हीकडे पडतात.

टाळ्यांनंतर सत्कार. विषय कचऱ्याचा असला तरी सत्कार चुकत नाही, आणि चुकला तर मला चालणारही नाही. त्यातल्या शालीबद्दल माझी तक्रार नाही. शाल हा महाराष्ट्रातला सर्वांत यशस्वी पुनर्वापर आहे. सांगलीत माझ्या खांद्यावर पडलेली शाल इस्लामपूरच्या एका निवृत्तीला गेली, तिथून विट्याच्या वास्तुशांतीला, आणि परवा मला परत मिळाली. कोपऱ्यातल्या चहाच्या डागावरून ओळखली. नारळाची चटणी होते, करवंटी बंबात जाते, हार ओल्या कचऱ्यात. पुष्पगुच्छ मात्र सेलोफेनमध्ये येतो, म्हणून मी एकदा भर सभेत ‘बुके नको, बुक द्या’ म्हणालो. तेव्हापासून मला प्राचार्यांचे कवितासंग्रह मिळतात. ज्याच्या पाचशे प्रती छापल्या आणि चारशे ऐंशी उरल्या, असा प्रत्येक संग्रह माझ्याकडे आहे, तोही ‘स्नेहपूर्वक’ सहीनिशी. ते रद्दीत घालता येत नाहीत. एक तर सही. दुसरं म्हणजे २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णा सांगलीत शिरली, नगर वाचनालयाच्या हजारो पुस्तकांचा लगदा झाला. ते पाहिलेल्या माणसाचा हात कुठल्याही पुस्तकावर थबकतो, कविता कशीही असो.

खरा घोळ स्मृतिचिन्हाचा. दोन सोनेरी हात, त्यांत पृथ्वीचा गोळा, गोळ्यावर हिरवं पान, खाली माझं नाव. अशी स्मृतिचिन्हं आमच्या शोकेसमध्ये मावेनात तेव्हा टीव्हीवर गेली, तिथून फ्रिजवर, तिथून गॅलरीत. शेवटी सौभाग्यवतींनी भंगारवाल्याला वर बोलावलं. त्याने एक उचललं, नखाने टोकरलं, नाकाजवळ नेलं. लाकूड म्हणावं तर भुसा दाबलेला, काच म्हणावी तर अ‍ॅक्रिलिक, पितळ म्हणावं तर रंग मारलेलं प्लास्टिक, आणि सगळं एकमेकांना असं चिकटवलेलं की सुटंही करता येत नाही. “सर, वरचा सोनेरी रंग गेला की आत काहीच नाही,” तो म्हणाला. हे तो स्मृतिचिन्हाबद्दलच बोलत होता, असं मी धरून चाललोय. फुकटसुद्धा नेली नाहीत. पृथ्वी वाचवा म्हणणाऱ्या माणसाच्या गॅलरीत आज एवढ्या पृथ्व्या आहेत की कपडे वाळत घालायला जागा नाही.

आमच्या कॉलेजात कचरा वेगळा होतो हे खरं आहे. तो बादल्यांमुळे होत नाही. बादल्यांत पोरं वडापावचा कागद, अर्धा वडा आणि रिफिल एकत्रच टाकतात. चहाचा कागदी कप तर कुठल्याच बादलीचा नाही. आत प्लास्टिकचा पातळ थर असतो. दुपारी कँटीनच्या मागे सफाईच्या मावशी उकिडव्या बसतात, तिन्ही बादल्या पोत्यावर पालथ्या करतात आणि उघड्या हातांनी निवडतात. त्यात ब्लेड असतं, पाठकोऱ्या कागदात गुंडाळलेले पॅड असतात. हातमोज्यांसाठी अर्ज केला तेव्हा उत्तर आलं, फलकासाठी तरतूद आहे, हातमोज्यांसाठी लेखाशीर्ष नाही. आमच्या हरित अहवालात गांडुळाची जात दिली आहे: आयसेनिया फेटिडा. मावशींचं नाव नाही. पुण्यात एसएनडीटी विद्यापीठाची माणसं प्रौढशिक्षणाच्या निमित्ताने कचरा वेचणाऱ्या बायांपर्यंत गेली, त्यातून १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. बायांना ओळखपत्रं मिळाली. आम्हाला फलक मिळाला.

साताऱ्यात बोलताना माझी जीभ जरा जड होते. याच गावात १९२४ साली भाऊराव पाटलांनी बोर्डिंग काढलं. पोरांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. बायाबापड्यांनी दळणातलं मूठमूठ धान्य बाजूला काढून दिलं. त्या बोर्डिंगात ‘उरलेल्या अन्नाचे व्यवस्थापन’ अशी कार्यशाळा झाली असेल, असं वाटत नाही.

पुढचं निमंत्रण साताऱ्याचंच आहे. त्याआधी मावशींना म्हटलं, यंदा आमच्या कॉलेजात स्मृतिचिन्ह तुम्हाला देऊ या. “नको सर, पुसायला अजून एक वाढायचं. त्यापरीस मोजे द्या.” मोजे मी आणले. बिल हरित समितीच्या चहापाण्यात घातलंय, अजून मंजूर व्हायचंय.

साताऱ्याच्या आयोजकांना मात्र स्पष्ट कळवलं: गोळा नको, स्टीलची वाटी द्या, पूर्वी लग्नामुंजीत देत तशी, नाव घातलेली. वाटी वापरात राहते, शेजारी उसळ घेऊन जाते, नाव चार घरांत फिरतं. काल त्यांचा फोन आला. नाव घालणारा अक्षरावर पैसे घेतो, आणि ‘प्रा. डॉ.’, ‘प्रमुख वक्ते’, ‘ज्येष्ठ पर्यावरणप्रेमी’ एवढं सगळं वाटीवर बसत नाही म्हणाले.

मी म्हटलं, मग पातेलं घ्या.