काडतूसशास्त्री

शास्त्रीबुवांनी पहिल्या भेटीत माझं नाव विचारलं नाही. हात मिळवता मिळवता त्यांनी माझ्या कमरेकडे पाहिलं आणि विचारलं, "जवळ काय बाळगतोस?"

मी गडबडून म्हणालो, "थोडा रक्तदाब."

त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर चिंता उमटली. ती माझ्या तब्येतीची नव्हती. या नावाची बंदूक आपल्या नजरेतून सुटली कशी, याची होती.

नोकरीच्या निमित्ताने आम्ही नवराबायको तीन वर्षं अलास्कात, अँकरेजला राहिलो. तिथलं हे शेजारचं घर. मी चंद्रपूरकडचा, त्यामुळे अस्वल हा प्राणी मला नवा नव्हता. अस्वलासाठी बंदूक निवडायची असते, हे मात्र नवं होतं. आमच्याकडे परवान्याचा कागद या टेबलावरून त्या टेबलावर जाईपर्यंत अस्वल म्हातारं होऊन मरतं. शिवाय १९७२च्या वन्यजीव कायद्याने ते वाघाच्या पंगतीला बसलेलं. आपल्याकडे अस्वलापासून वाचायचं ते पायांच्या आणि देवाच्या जोरावर. अलास्कात तसं नाही. तिथे तपकिरी अस्वलं तीस हजारांच्या आसपास, काळी लाखभर आणि दुकानात बंदुका मांडलेल्या, आपल्याकडे भांड्यांच्या दुकानात कुकर मांडतात तशा. त्यामुळे तिथल्या दर गल्लीत एक तरी काडतूसशास्त्री निपजतो. हे नाव माझ्या बायकोने ठेवलेलं. त्यांना आम्ही त्याचा अर्थ 'आदरणीय शेजारी' असा सांगितला होता.

शास्त्रीबुवा वयाने पासष्टीचे, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. अंगाने किरकोळ, आवाजाने भारदस्त. आपल्याकडे देवघर असावं तिथे त्यांच्या घरात पोलादी कपाट. त्यात सहा बंदुका, आणि सातवीचा शोध चालू. हा शोध तीस वर्षं चालला होता, आणि ज्या पद्धतीने चालला होता ती मला फार ओळखीची वाटे. शेवटी ट्यूब पेटली. शास्त्रीबुवा बंदूक घेत नव्हते, स्थळं बघत होते.

"चव्वेचाळीस मॅग्नम," ते सुरू करत. "घराणं उत्तम. १९५५चा जन्म. १९७१ साली सिनेमात चमकली, क्लिंट ईस्टवुडच्या हातात. पण..."

प्रत्येक स्थळाला हा 'पण' असेच. चव्वेचाळीसची रिव्हॉल्व्हर दणका जोरात देते आणि गोळ्या सहाच. मग दहा मिलिमीटरचं ग्लॉक पिस्तूल बघावं: अंगाने हलकं, आधुनिक वळणाचं, पोटात पंधरा गोळ्या. पण गोळीत चव्वेचाळीसचा जोर नाही. बारा बोअरची शॉटगन? सालस, कष्टाळू, खर्चात बसणारी, जवळून घातलेली तिची सबंध शिशाची गोळी भल्याभल्यांना आडवं करते. पण मासे धरताना ती खांद्यावरून घसरते. पंचेचाळीस-सत्तर हे काडतूस १८७३ सालचं, अमेरिकी फौजेतलं, अजून ठणठणीत. पण वय जास्त. तीनशे पंचाहत्तर हॉलंड अँड हॉलंड म्हणजे १९१२चं लंडनचं बडं घराणं, हत्तीपर्यंत ओळखी. पण आपल्याला झेपेल का? मुलीकडच्यांनी पत्रिका परत करावी तसे शास्त्रीबुवा एकेक जाहिरातपत्रक घडी घालून खणात ठेवत, आणि पुढच्या शनिवारी तेच खणातून काढून "यात वाईट काय आहे तसं?" म्हणत.

एकदा त्यांनी धीर करून लग्न उरकलंही. २००३ साली बाजारात आलेलं पाचशे मॅग्नम. लांब नळीचं मॉडेल, वजन दोन किलोंच्या आसपास. आमच्या आजीचा वरवंटा याहून थोडा हलका होता, आणि कमरेला बांधून डोंगर चढायची कल्पना आजीला कधी सुचली नव्हती. शास्त्रीबुवांनी नेमबाजीच्या मैदानावर त्यातून एक गोळी झाडली. त्यानंतरचे दोन आठवडे ते चहाचा कप डाव्या हाताने धरत. "अस्वलाचं काय होईल याची कल्पना करा," ते मनगटावरची पट्टी दाखवून म्हणाले. कल्पना मी केली. माझ्या कल्पनेत अस्वल पट्टीची गाठ बांधून देत होतं.

तिथे एक जुना टोमणा आहे. अस्वलासाठी पिस्तूल घ्यायला निघालेल्याला जाणती माणसं सांगतात, नळीवरची नेम धरायची माशी आधी कानशीने घासून टाक. का? तर अस्वल ते पिस्तूल हिसकावून जिथे घालेल तिथे त्रास कमी होईल. हा विनोद शास्त्रीबुवांना कोणीतरी महिन्यातून एकदा ऐकवी. ते हसत नसत. "माशी घासली तर नेम चुकतो," एवढंच म्हणत.

नेमाचा प्रश्न पुढचा होता. आधी पिस्तूल बाहेर यायला हवं. चवताळलेलं अस्वल ताशी पन्नास किलोमीटरहून जास्त वेगाने धावतं, म्हणजे तीस मीटरचं अंतर दोन सेकंदांत संपतं. हे मला त्यांनीच शिकवलं, म्हणून मीच एकदा घड्याळ लावायचं सुचवलं. गॅरेजच्या टोकाला पत्र्याचा पिंप म्हणजे अस्वल. शास्त्रीबुवा पूर्ण पोशाखात: पाठीवर पिशवी, डोक्यावर डासांची जाळी, हातात मोजे, अंगात पावसाळी जाकीट. मी "आलं!" म्हणून ओरडलो. त्यांचा हात कमरेकडे गेला, तिथे पिशवीचा पट्टा आला. पट्टा सोडला, जाकिटाची चेन आली. चेन ओढली, ती मोज्यात अडकली. नवव्या सेकंदाला पिस्तूल बाहेर आलं. तेवढ्या वेळात अस्वल सव्वाशे मीटर आलेलं असतं.

"अस्वलं दर वेळी इतक्या जोरात येत नाहीत," शास्त्रीबुवा जाळीतून म्हणाले.

माणूस अडाणी नव्हता, हे मुद्दाम सांगायला हवं. अमेरिकेच्या वनखात्याने १९८३ साली कुठली गोळी जवळून किती परिणाम करते याच्या चाचण्या छापल्या. ती पुस्तिका त्यांनी प्लास्टिकचं कव्हर घालून जपली होती. २०१२ सालचा टॉम स्मिथ आणि स्टीफन हरेरो यांच्या चमूचा अभ्यासही त्यांना पाठ होता: १८८३ ते २००९ या काळातल्या, अलास्कातल्या २६९ घटना. त्यात पिस्तुलांनी अस्वल आवरलं ८४ टक्के वेळा, लांब नळीच्या बंदुकांनी ७६ टक्के. हे आकडे ऐकवून त्यांनी रायफलवाल्या दोन मित्रांशी अबोला धरला होता. त्याच अभ्यासात पुढे म्हटलंय, की बंदूक वापरणारे आणि न वापरणारे यांच्या दुखापतींत फरक दिसला नाही. हे वाक्य शास्त्रीबुवांच्या प्रतीत होतं, पण त्यावर कॉफी सांडलेली होती.

त्याच मंडळींचा २००८चा अभ्यास त्यांच्या पत्नीच्या पर्समध्ये असे. म्हणजे कागद नव्हे, त्याचा निष्कर्ष: तिखटाच्या फवाऱ्याचा डबा. तपकिरी अस्वलांवर हा फवारा ९२ टक्के वेळा लागू पडला, आणि अगदी जवळून गाठ पडूनही फवारा बाळगणाऱ्या शंभरातल्या ९८ जणांना खरचटलंही नाही. तो सात-आठ मीटरवरून मारायचा, अस्वलाच्या वाटेत तिखटाचा ढग उभा करायचा, म्हणजे नेम बेताचा असला तरी चालतं. आणि त्यातलं औषध म्हणजे मिरचीचा अर्क! भिवापुरी मिरचीवर वाढलेल्या माझ्या मनाला हे ऐकून जो अभिमान वाटला, तो मला लपवता आला नाही.

"आणि वारा उलटा असला तर?" शास्त्रीबुवा विचारत.

"वाऱ्याने अडचण केली सात टक्के घटनांमध्ये," बाई स्वेटर विणता विणता म्हणत, "आणि तरीही फवारा अस्वलापर्यंत पोचला. सगळ्या वेळा."

यावर शास्त्रीबुवा विषय बदलून विमानाकडे वळत. तिकडचा नियम खरंच गमतीचा आहे. बंदूक गोळ्या काढून, कुलूपबंद पेटीत घालून, आधी सांगून विमानाच्या सामानात टाकता येते. फवाऱ्याचा डबा मात्र हातातही चालत नाही आणि सामानातही नाही. "सरकारला कळतं, खरं धोकादायक काय आहे ते," यावर बाईंचं उत्तर.

मीही एकदा त्यांचा ताठा मोडायचा प्रयत्न केला. १९५३ साली कॅनडातल्या अल्बर्टात बेला ट्विन या त्रेसष्ट वर्षांच्या क्री आदिवासी बाईने त्या वेळचं जगातलं विक्रमी ग्रिझली अस्वल मारलं. कशाने? एका वेळी एकच गोळी बसणाऱ्या बावीस बोअरच्या बंदुकीने, जिने माणसं ससे मारतात. शास्त्रीबुवा बराच वेळ गप्प बसले. मग हळूच म्हणाले, "चव्वेचाळीस असती तर अधिक बरं झालं असतं."

आणखी एक गोष्ट मी त्यांना विचारायला नको होती. अलास्कात जीव वाचवायला अस्वल मारलं, तर प्रकरण तिथे संपत नाही. कातडं नख्यांसकट सोलायचं, कवटी काढायची, दोन्ही सरकारजमा करायचं आणि पंधरा दिवसांत लेखी अहवाल द्यायचा. कातडं भिंतीवर लावायला मिळत नाही. "मग सोलायला सुरी कुठली घेतलीत?" मी विचारलं. तीस वर्षांत हा मुद्दा त्यांच्या डोक्यातच आला नव्हता. बाई आतून म्हणाल्या, "यांना सॅमन साफ करता येत नाही." त्या रात्री शास्त्रीबुवांच्या खिडकीत उशिरापर्यंत दिवा होता. आठव्या स्थळाचा शोध सुरू झाला होता, सुरीच्या.

आणि मग एका जूनमधल्या संध्याकाळी, म्हणजे तिकडच्या रात्री अकराच्या उन्हात, अस्वल खरंच आलं. काळं, मध्यम चणीचं, अंगणात. ते शास्त्रीबुवांशी लढायला आलं नव्हतं. शास्त्रीबुवांना पाखरांची हौस. त्यांनी ओसरीला सूर्यफुलाच्या बियांचं भांडं टांगलं होतं. अशी भांडी एप्रिल ते ऑक्टोबर उतरवून ठेवा, कचरा बंद डब्यात ठेवा, असं वन्यजीव खातं ओरडून सांगतं. पण त्या पत्रकात बंदुकीचा उल्लेख नसल्याने शास्त्रीबुवांनी ते वाचलं नव्हतं. बाईंनी मला फोन केला. मी खिडकीतून पाहतो, तर अस्वल मांडी घालून बिया खातंय आणि घरात शास्त्रीबुवा उघड्या कपाटासमोर उभे. सहाच्या सहा बंदुका समोर. ओठ हलत होते.

"चव्वेचाळीस जवळ पडेल," त्यांचा आवाज माझ्यापर्यंत आला, "पण बारा बोअर..."

बाईंनी स्वयंपाकघरातून दोन झाकणं आणली आणि दारात उभं राहून ती एकमेकींवर आपटली. अस्वल उठलं, बियांचं भांडं घेऊन कुंपणावरून गेलं. शास्त्रीबुवा वळले तेव्हा ओसरी रिकामी होती. "मी दहा मिलिमीटरवर येत होतो," ते म्हणाले.

या माणसाला हसावं तितकं थोडं, असं मला ऑगस्टपर्यंत वाटत होतं. ऑगस्टात आम्ही चौघं चुगाच पर्वतात ब्लूबेरी वेचायला गेलो. बेरीचा हंगाम म्हणजे अस्वलांच्या मेजवानीचा हंगाम. वाटेच्या तोंडाशी पाटी होती: घोळक्याने चाला, आवाज करत चाला, अस्वलाला दचकवू नका. कारण बहुतेक हल्ले दचकलेल्या अस्वलाचे असतात. माणूस येतोय हे आधी कळलं, तर ते आपणहून बाजूला होतं. म्हणून तिथली माणसं चालताना मधूनमधून "हे बेअर!" अशी हाळी देतात.

शास्त्रीबुवांना हाळी द्यायची गरज नव्हती. पहिल्या वळणावर त्यांनी टणक शिशाची गोळी आणि पोकळ टोकाची गोळी यांतला फरक सांगायला घेतला. सव्वा तासाने आम्ही ओढ्याशी पोचलो, तेव्हा ते पोकळ टोकावर होते. दोन ठिकाणी वाटेत अस्वलाची ताजी विष्ठा दिसली, बेरींनी निळी झालेली. अस्वल मात्र नाही. खारी नाहीत, पाखरं नाहीत. समोरून येणारे दोन तरुण आम्हाला पाहून वाट सोडून खाली उतरले. चार तास तो भारदस्त आवाज दरीतून घुमत राहिला आणि आमच्या पुढे अर्धा मैल रान रिकामं होत गेलं. परतताना त्यांनी कमरेचं पिस्तूल थोपटलं आणि समाधानाने म्हणाले, "पाहिलंस? जवळ असलं, की येत नाहीत."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी काही बोललो नाही. तीस वर्षं हा माणूस जंगलात सुखरूप फिरला होता, आणि त्याचं कारण तो कमरेला शोधत होता.

तेव्हा वाचकहो, अलास्कात जाणार असाल तर बिया टांगू नका, कचरा झाका, तिखटाचा फवारा पर्समध्ये न ठेवता हाताशी ठेवा. आणि जमलं तर एक काडतूसशास्त्री सोबत घ्या. त्याला परवाना लागत नाही, तो खांद्यावरून घसरत नाही, त्याच्या गोळ्या संपत नाहीत. फवारा विमानात चालत नाही, बंदूक सामानात चालते. हा मात्र थेट शेजारच्या खुर्चीवर चालतो. फक्त ती खुर्ची तुमच्या शेजारची नसेल, एवढं तिकीट काढताना बघा.