तेलाचा बंदोबस्त

भोसरी-चिंचवडच्या कारखान्यांत टर्नर किंवा सुपरवायझर म्हणून उमेदीची वर्षे घालवून निवृत्त झालेला, आणि फंडाच्या पैशातून एखादा जुना, शक्यतो हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करचा लेथ खरेदी करून घरामागच्या खोलीत बसवणारा गृहस्थ हा समाजशास्त्राने दुर्लक्षिलेला प्रकार आहे. लेथ म्हणजे धातूचा तुकडा, कारखान्याच्या भाषेत ‘जॉब’, चक नावाच्या पकडीत धरून गरगर फिरवणारे आणि टूल लावून तो तासणारे यंत्र; तासताना टूल तापू नये आणि जॉबला सफाई यावी म्हणून तेथे तेल सोडतात. कारखान्यात हे तेल कुठे उडाले याची चौकशी कोणी करत नाही. घरात ती होते, आणि त्याच संध्याकाळी होते.

चौकशीला या गृहस्थाचे उत्तर गणिती असते. 100 मिलिमीटर व्यासाचा चक मिनिटाला 600 फेरे घेऊ लागला की त्याच्या कडेवरच्या तेलाला गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे 20 पट त्वरण लागते आणि फेरे दुप्पट केल्यास ते चौपट होते, हे पाहुण्यालाही चहा येण्याआधी ऐकावे लागते. थेंब स्पर्शरेषेत, म्हणजे वर्तुळाला नुसत्या टेकून जाणाऱ्या रेषेत सुटत असल्याने ते खोलीभर न उडता चकच्या पातळीत एकच पट्टा आखतात. हा पट्टा मागच्या भिंतीवर चढतो, छत ओलांडतो आणि गृहस्थाच्या इस्त्रीच्या सदऱ्यावर उतरतो. त्यातही लेथ थांबला असता चकच्या खाचांत साचलेले तेल पुन्हा सुरू करताच पहिल्या काही फेऱ्यांत एकदम बाहेर पडते, आणि नेमक्या त्याच क्षणी गृहस्थ जॉब नीट बसला की नाही हे पाहायला वाकलेला असतो.

पाण्यात मिसळून दुधाळ होणारे तेल वापरावे, तर आठवडाभर बंद राहणाऱ्या लेथच्या बेडवर, म्हणजे त्याच्या लोखंडी बैठकीवर, गंज धरतो; म्हणून निव्वळ तेल, आणि म्हणून आडोसा. पहिला आडोसा पुठ्ठ्याचा असतो व तो तेल पिऊन लोळागोळा होतो. दुसरा न्हाणीघरातल्या जुन्या पडद्याचा. फिरत्या चकजवळ लोंबणारे कापड वा प्लास्टिक गुंडाळले जाऊन हातही ओढू शकते, हे आयुष्यभर शिकाऊ पोरांना दरडावून सांगणाऱ्यानेच तो टांगावा, हे या प्रकाराचे खास लक्षण होय. अॅक्रिलिकला कालांतराने तडे जातात. अखेर पॉलिकार्बोनेटचा पत्रा येतो, आणि त्याच्या बिजागऱ्या, बुश व पिना करण्यासाठी लेथ अहोरात्र चालू लागतो, ज्यायोगे अर्थातच तेल उडते.

बिडाला व पितळेला बहुधा तेल लागतच नाही आणि पोलादाला घरगुती कामापुरते ब्रशने लावलेले थेंबभर तेल पुरते, हे त्याला पक्के ठाऊक असते. पण ब्रशने प्रश्नच मिटला तर दुपारी करायचे काय, याचे उत्तर त्याच्या गणितात नाही. तेव्हा पाण्याच्या पंपाचा बुश अशा शेजाऱ्याकडे करायला दिलेल्या वाचकांनी तूर्त बाजारातून दुसरा आणावा. आधी आडोसा पुरा व्हायचा आहे.