बंदीतला एक पिणारा

गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती 2015 साली आली आणि 2021 साली गेली. या साऱ्या उलाढालीत एका पिणाऱ्याकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही. जुन्या जिपांच्या बॉनेटखाली, एवढ्याशा डबीत बसून तो रात्रंदिवस पीतच होता. ब्रेक ऑइल. पितं ते पाणीच, हे कबूल. पण पाणी पिऊन इतकं बिघडणारं दुसरं कुणी माझ्या पाहण्यात नाही.

ऑइल हे नुसतं नावाला. खऱ्या तेलाशी त्याचा उभा दावा. चुकून इंजिन ऑइल पडलं तर आतले रबरी कप फुगून बसतात. ग्लायकॉल जातीचं हे द्रव हवेतली ओल शोषतं, झाकणाच्या बारीक भोकातून आणि रबरी नळीच्या अंगातूनसुद्धा. गाडी पळत असो की आवारात उभी असो. आणि भामरागडला पर्लकोटा नदी पुलावर चढते त्या दिवसांत ओल कुठून आणायची हा प्रश्नच नसतो.

नवं डॉट 3 निदान 205 अंशांपर्यंत उकळत नाही. पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी पोटात गेलं, की ही हमी 140 वर येते. डॉट 4 ची 230 वरून 155 वर. मे महिन्यात टपावर बोजे लादलेली काळी-पिवळी कोरचीकडचा बेडगावचा घाट उतरते तेव्हा ड्रम तापतात, पाण्याची वाफ होते, वाफ दबते आणि पॅडल तळाला टेकतं. गाडी तेवढी थांबत नाही.

हायड्रॉलिक ब्रेक नवे होते तेव्हा या नळ्यांत एरंडेल आणि अल्कोहोल यांचं मिश्रण घालत. आज तसली गाडी गडचिरोलीत शिरली तर आरटीओ एक वेळ सोडेल, एक्साइजवाले सोडायचे नाहीत.

कुठलं घालावं यावर चहाटपरीवर मतं पुष्कळ. माझं मत, डबीच्या झाकणावर लिहिलंय ते. तिथे 3 असेल तर 4 चालतं, 5.1 सुद्धा चालतं. नुसतं 5 मात्र नको; ते सिलिकॉनचं, या मंडळींत मिसळतच नाही. दर दोन वर्षांनी सगळं बदलावं आणि डबा लहानच घ्यावा. उरलेलं अर्धं फडताळात जपणाऱ्यांना आमचे मिस्त्री एकच विचारतात, ‘‘लोनचं हाय का भाऊ ते, मुरवत ठेवाले?’’

ऑइल बदललं की नळ्यांतली हवा काढायचं काम दोघांचं. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं, म्हणजे मागचं डावं चाक आधी. एकाने खाली पाना धरायचा, दुसऱ्याने सीटवर बसून पॅडल दाबायचं. आमच्याकडे सीटवर बायको असते. ‘‘दाब. धरून ठेव. सोडू नकोस!’’ एवढ्या हुकमी आवाजात तिच्याशी बोलायची सोय मला इतरत्र कुठेच नाही. ‘‘अहो, पाय दुखला,’’ असं वरून येतं, तोवर मडगार्डावर चार थेंब पडलेले असतात. ताबडतोब पाण्याने धुवावे, नाहीतर रंग सोलून निघतो.

ओळखीच्या एका काळी-पिवळीवाल्याने यंदा असं सगळं ताजं करून घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी तक्रार घेऊन आला. त्याच्या पायाला तीन पंप मारायची जन्माची सवय. आता पहिल्याच पंपाला मागच्या बाकावरचे दोघे पुढे येतात आणि भाडं परत मागतात.