पोटासाठीच गेली ना पोरं!

५ फेब्रुवारी २०२५ला अमेरिकेचं लष्करी विमान अमृतसरला उतरलं. आत बेकायदा राहिले म्हणून परत पाठवलेले १०४ भारतीय. हातात बेड्या, पायांत साखळदंड. त्यांत तिघे महाराष्ट्रातले. आमच्या सोसायटीचा ग्रुप पेटला. ‘पोटासाठीच गेली ना पोरं? दरोडेखोर आहेत का?’ माझाही अंगठा त्यात होता.

जूनमध्ये बातमी आली: मुंबई परिसरातून उचललेले काही बंगाली बोलणारे मजूर बांगलादेशात ढकलले गेले, आणि ते आपल्याच पश्चिम बंगालचे निघाल्यावर परत आणावे लागले. ‘सुक्याबरोबर ओलंही जळतं,’ सेक्रेटरी म्हणाले. आता जळणारं ओलं मुर्शिदाबादचं असलं की धूर आपल्या डोळ्यांत जात नाही, हे खरंच.

त्याच संध्याकाळी सेक्रेटरी गॅलरीत फोन कानाला लावून उभे. बाथरूमच्या फरश्या अर्ध्या बसल्यात, सिमेंटची गोणी दारात फुटलीय आणि बंगाली मिस्त्री चार दिवस गायब.

‘कागद बघितले होते का त्याचे?’ मी विचारलं.

‘कागद कसले? रेट बघितला!’

त्यांचा भाचा न्यू जर्सीत असतो. व्हिसा केव्हाच संपलाय. पण त्याला बेकायदा म्हणायचं नाही हं, तो फक्त ‘थोडा जास्त राहिलाय’.