मले त दिसलं नाही

कानाडोळा करणारा गृहस्थ चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावोगाव आढळतो. पन्नाशी उलटलेली, अंगात पांढरा सदरा, खिशाला पेन आणि तंटामुक्त समितीत कायमची जागा. गाव त्याला भाऊजी म्हणते. तो दारू पीत नाही, गाळत नाही, विकतही नाही. तो फक्त पाहत नाही.

नजर मात्र तेज असते. तेंदूपत्त्याच्या हंगामात झुडपाआडच्या वाघाचा कान त्याला लांबून दिसतो. शेजाऱ्याने धुरा वीतभर सरकवला तर तो न मोजता सांगतो. दिसत नाहीत त्या मोजक्याच वस्तू: नाल्याकाठी पुरलेला मोहफुलाच्या सडव्याचा ड्रम, शालीखाली फुगलेली रबरी ट्यूब, रात्री कोणाच्या परसात उतरलेले सागवानी चिराण. १८०१ साली कोपनहेगनच्या लढाईत माघारीचा इशारा दिसू नये म्हणून नेल्सनने दुर्बीण अधू डोळ्याला लावली, असे सांगतात. भाऊजीचे काम दोन्ही धड डोळ्यांनी आणि दुर्बिणीवाचून भागते.

हे कसब सोपे नाही. ड्रम नेमका कुठे पुरला आहे हे ठाऊक नसेल, तर माणूस चुकून त्याच वाटेने जाईल आणि पाहून बसेल. म्हणून कोणती भट्टी कोणत्या दिवशी लागते, माल कोणाच्या गाडीवर जातो, याची गावातली सर्वांत पक्की माहिती भाऊजीकडे असते. त्याच हिशेबाने तो रोजची वाट बदलतो.

दारूबंदीला त्याचा मनापासून पाठिंबा असतो. गडचिरोलीत ती लोकचळवळीतून १९९३ साली आली. चंद्रपुरात बायांनी वर्षानुवर्षे मोर्चे काढले, तेव्हा १ एप्रिल २०१५ पासून लागू झाली. मोर्चेकरणींसाठी पाण्याचा हंडा भाऊजीनेच भरून ठेवला होता, आणि ग्रामसभेच्या ठरावावर पहिली सहीही त्याचीच. त्यानंतर दिसणे कमी झाले.

बचत गटाच्या बाया विचारायला येतात, तेव्हाचा संवाद ठरलेला असतो.

“भाऊजी, तुमच्या वावराजवळ भट्टी लागली. तुम्ही पाह्यली असन?”

“मले त दिसलं नाही, बाई. धूर दिसला. मले वाटलं, कोणी शेकत असन.”

“वैशाखात?”

“आजकाल हवामानाचा काई भरवसा नाही.”

बायांनी स्वतःच ड्रम उपसून पोलीस बोलावले, की पंच म्हणून भाऊजीलाच उभे करतात. अक्षर चांगले, गावात मान. आपल्यासमक्ष माल जप्त झाला, अशा मजकुराखाली तो ठळक सही करतो. खटला उभा राहीपर्यंत दोन-तीन पावसाळे जातात आणि साक्षीच्या पिंजऱ्यात नजर पुन्हा अधू होते. सही आपली, कागद कोरा होता की भरलेला, तेवढे आठवत नाही. सरकारी वकील त्याला फितूर जाहीर करतो. भाऊजी न्यायालयाला नमस्कार करून शेवटची एसटी गाठतो. गावात तंटा झाला नाही, याचे त्याला समाधान असते.

२०२१ मध्ये चंद्रपूरची बंदी उठली, तेव्हा या गृहस्थाचे काम संपेल असे वाटले होते. पण वैनगंगेपलीकडे गडचिरोलीत बंदी कायम राहिली, आणि पूल ओलांडणाऱ्या पिशव्यांकडे न पाहण्याची जबाबदारी दोन्ही काठांवर वाढली. शिवाय नदीतली रेती आहे. ट्यूब शालीखाली तरी मावते. भर दुपारी घरासमोरून धडधडत जाणारे रेतीचे ट्रॅक्टर न दिसायला मुरलेलाच माणूस लागतो.