अनाथ जिल्ह्याचे दोन पालक

महाराष्ट्रात नुसते मंत्री होण्यात आता फारशी मजा राहिलेली नाही. २८८ आमदारांमागे मुख्यमंत्र्यांसह ४३ जण मंत्री होऊ शकतात. २००३ साली घटनादुरुस्ती करून पंधरा टक्क्यांचा टाळा लावला नसता, तर विरोधी बाक सोडून सगळेच शपथ घेऊन मोकळे झाले असते. खात्याचेही तसेच. एखाद्याला कृषी खाते मिळते, विधान परिषदेत बसल्या बसल्या त्याच्या मोबाइलवर रमीचे पत्ते दिसतात, तो म्हणतो मी जाहिरात बंद करत होतो, आणि सरकार त्याला क्रीडा खाते देते. इतके समजूतदार सरकार असल्यावर खात्यासाठी भांडायचे कशाला?

भांडायचे ते पालकमंत्रिपदासाठी.

हे पद राज्यघटनेत शोधायला जाऊ नका. घटनेत आहे ती जिल्हा नियोजन समिती. तिच्या अध्यक्षाच्या खुर्चीत पालकमंत्री बसतो आणि शेजारी सदस्य-सचिव म्हणून जिल्हाधिकारी. मग ठरते की साकव कुठल्या ओढ्यावर पडणार, डांबर कुठल्या वाडीपर्यंत जाणार, कुठल्या शाळेची कौले बदलणार आणि स्मशानशेड आधी कुणाच्या गावाला. खात्याचा मंत्री मुंबईत बसून फाइलवर ‘तपासून सादर करावे’ असे लिहितो. पालकमंत्री आपल्या मतदारांसमोर नारळ फोडतो. शिवाय २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला झेंड्याची दोरी त्याच्या हाती, पोलिसांची सलामी त्याला आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात फोटो त्याचा. आता सांगा, कोण शहाणा माणूस खारभूमी विकास घेऊन गप्प बसेल?

रायगड जिल्ह्यातल्या महाडचे भरतशेठ गोगावले बसले नाहीत. शपथविधीसाठी कोट शिवून तयार असल्याचे त्यांनीच पूर्वी जाहीर केले होते. दोन विस्तार त्या कोटावरून गेले. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये मंत्रिपद आले, सोबत रोजगार हमी, फलोत्पादन आणि खारभूमी. पण १८ जानेवारी २०२५ च्या संध्याकाळी पालकमंत्र्यांची यादी आली आणि रायगडपुढे नाव निघाले आदिती तटकरे यांचे. त्याच रात्री महाडजवळ मुंबई-गोवा महामार्गावर टायर पेटले. या महामार्गाचे चौपदरीकरण २०११ पासून चालू आहे. त्यावर एखादे काम ठरल्या रात्रीच पूर्ण झाल्याचे कोकणाने तेव्हा प्रथमच पाहिले.

दुसऱ्याच दिवशी रायगड आणि नाशिक या दोन्ही नेमणुकांना स्थगिती आली. मुख्यमंत्री तेव्हा दावोसला निघाले होते, राज्यात गुंतवणूक आणायला. तिथल्या उद्योगपतींना महाराष्ट्रात एक खिडकी योजना असल्याचे सांगितले जाते. रायगडला एक पालक ठरेना, हे त्यांच्या कानावर न गेलेलेच बरे.

गंमत अशी की याच रायगडावर १६७४ साली राज्याभिषेक झाला तेव्हा आख्ख्या राज्याचा कारभार आठ प्रधानांवर सोपवला होता. पेशवा, अमात्य, सचिव, मंत्री, सुमंत, सेनापती, पंडितराव, न्यायाधीश. पालकप्रधान त्यात नव्हता. सह-अमात्य नव्हता. ‘सुमंत’ पदाला स्थगिती दिल्याचे कुठल्या बखरीत आलेले निदान माझ्या तरी वाचनात नाही.

पण भांडण निव्वळ मानपानाचे आहे असे समजणारे भोळे आहेत. घटना सांगते की जिल्हा नियोजन समितीचे किमान चार-पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिकांतल्या निवडून आलेल्यांनी, आपल्यातूनच निवडून द्यायचे. म्हणजे जिल्ह्याचे नियोजन जिल्ह्यातल्या लोकांनी करायचे, आणि मंत्र्याने वर बसून फार तर घंटा वाजवायची. आता गोची पाहा. रायगड आणि नाशिक, दोन्ही जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचना कोर्टात अडकली, निवडणुका लांबल्या, प्रशासक बसले. शहरांतही बहुतेक ठिकाणी तीच कथा. जानेवारी २०२५ मध्ये टायर पेटत होते तेव्हा रायगडात झेडपीचा एकही निवडून आलेला सदस्य नव्हता. समितीत ज्यांनी उठून ‘साहेब, आमच्या गटाचा निधी कुठे गेला?’ असे विचारायचे, त्यांच्या खुर्च्यांवर धूळ. प्रश्न विचारणारे घरात नसले की घराच्या किल्ल्या कुणाकडे, एवढाच प्रश्न उरतो. तो रस्त्यावर सोडवला गेला, इतकेच.

त्या वर्षांत झेडपीच्या निवडणुका घ्या म्हणून कुठल्या मंत्र्याच्या कार्यकर्त्यांनी महामार्गावर टायर जाळल्याची बातमी माझ्या वाचनात आली नाही. टायर महाग झालेत, हेही एक कारण असेल.

नाशिकची गोष्ट त्यामानाने सोपी. तिथे २०२७ चा सिंहस्थ कुंभमेळा आहे, त्यामुळे पुण्य पदरात पाडून घेणाऱ्यांची गर्दी साधूंच्या आधी सुरू झाली. यादीत नाव आले गिरीश महाजन यांचे, ते जळगाव जिल्ह्यातले. नाराज झाले दादा भुसे, ते नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावचे. भुसे शालेय शिक्षणमंत्री आहेत. राज्यातल्या प्रत्येक शाळेतली पालकसभा त्यांच्या अखत्यारीत येते, पण पालक म्हणून बसायला त्यांना एकही बाक मिळू नये, याला नशीब म्हणतात.

स्थगितीमुळे काही बिघडले का? नाही. २६ जानेवारीला अलिबागेत झेंडा आदिती तटकरे यांनीच फडकावला, नाशिकला महाजनांनी. पालक म्हणून नव्हे, मंत्री म्हणून. दोरी तीच, हात तेच, फक्त निमंत्रणपत्रिकेवरचा एक शब्द गळला. एप्रिलमध्ये केंद्रीय गृहमंत्री रायगडावर येऊन गेले आणि जाताना सुतारवाडीला तटकऱ्यांकडे जेवले. जेवणात काय होते याची जिल्ह्यात आठवडाभर चर्चा झाली. पानात पालक वाढला होता की नाही, हे मात्र शेवटपर्यंत कळले नाही.

बाकी तोडगा सरकारच्याच यादीत आहे. कोल्हापूरला एक पालकमंत्री आणि एक सहपालकमंत्री, मुंबई उपनगरला तसेच, आणि गडचिरोलीला तर स्वतः मुख्यमंत्री पालक असून वर सहपालक. रायगडात दोघांनाही सहपालक करून टाकावे. झेंड्याची दोरी दोन पदरी करावी, नारळ दोन आणावेत. आणि पालकाच्या मूळ खुर्चीवर महामार्गासारखीच पाटी लावून ठेवावी: काम प्रगतिपथावर आहे, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.